आधी दात बघा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



माझे वडील शेतकरी, आटपाडीकडचे. लहानपणी त्यांच्याबरोबर मी खरसुंडीच्या जत्रेतल्या बैलबाजारात दोन-तीनदा गेले होते. खिल्लार बैलांच्या रांगाच्या रांगा. शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगुरमाळा, पाठीवर झुली. मला सगळेच बैल सारखे देखणे दिसायचे. वडील मात्र झुलीकडे बघायचेच नाहीत. सरळ पुढे व्हायचे, बैलाचा ओठ वर करायचे आणि दात बघायचे. दोन दाती आहे, चार दाती आहे, की सगळे दात जुळलेला. एकदा वय कळलं, की मगच भावाची बोलणी.

आज बोलायचं आहे जुन्या कॉम्प्युटरविषयी, आणि सुरुवात बैलांनी कशाला, असं तुम्हाला वाटलं असेल. वडिलांची ही रीत मला पन्नाशीला आल्यावर एका दुकानात आठवायला हवी होती. ती आठवली नाही, आणि त्यापायी माझे पैसे गेले, झोप गेली आणि एक जुनं गिऱ्हाईकही गेलं. म्हणून ही हकिगत सांगते.

मी सांगलीत राहते. एका खासगी कंपनीत बरीच वर्षं हिशेबनीस होते. २०२३ साली सासूबाई घसरून पडल्या, मांडीचं हाड मोडलं. घरात कोणीतरी हवं म्हणून मी नोकरी सोडली आणि घरी बसून आठ छोट्या दुकानांचे हिशेब लिहायचं काम घेतलं. किराणा, औषधांचं दुकान, हार्डवेअर, एक बेकरी. टॅलीवर नोंदी करायच्या, बँकेचा मेळ घालायचा आणि दर महिन्याला जीएसटीची विवरणपत्रं भरायची. या कामाला भारी यंत्र लागत नाही. लागतं ते बेभरवशाचं नसलेलं यंत्र. नव्या कॉम्प्युटरचे चाळीस-पन्नास हजार तेव्हा निघणार नव्हते. लॅपटॉप घ्यावा का, हाही विचार झाला. पण जुना लॅपटॉप म्हणजे दमलेली बॅटरी, सैल झालेली बिजागरी आणि दिवसभर मान खाली. रोज आठ तास आकडे बघायचे तर मोठा पडदा हवा आणि बिघडलेला भाग सुटा बदलता यायला हवा. म्हणून जुना डेस्कटॉप घ्यायचं ठरलं. हा निर्णय बरोबर होता, असं मला आजही वाटतं. चुकलं ते पुढे.

झूल बघून घेतलेला बैल

दुकानात गेले. काउंटरवर एक कॅबिनेट मांडलेलं. पुढं काच, आत निळे-जांभळे दिवे फिरताहेत. दुकानदार म्हणाले, "ताई, आय सेव्हन आहे. सोळा जीबी रॅम, एक टीबी हार्ड डिस्क. मॉनिटर, की-बोर्ड, माउस सगळं धरून सतरा हजार. हिशेबाचं काम म्हणजे याला खेळ आहे." आय थ्री साधा, आय फाइव्ह मध्यम आणि आय सेव्हन उत्तम, एवढं मला ठाऊक होतं. सतरा हजारांत उत्तम मिळतंय म्हटल्यावर मी आणखी काय विचारणार? पैसे दिले. साध्या कागदावर पावती मिळाली, तिच्यावर लिहिलं होतं : एक महिना चेकिंग वॉरंटी.

दोन महिने बरे गेले. १७ ऑगस्टच्या सकाळी मशिन सुरू केलं, तर काळ्या पडद्यावर दोन ओळी, आणि कॅबिनेटमधून टक्‌ टक्‌ असा आवाज. हार्ड डिस्क गेली होती. विवरणपत्राची मुदत २० तारखेची. माझ्याकडची शेवटची बॅकअप पेन ड्राइव्हवर होती आणि ती २२ जुलैची. म्हणजे आठ दुकानांच्या पंचवीस-सव्वीस दिवसांच्या नोंदी गेल्या.

दुकानांकडे बिलं होती म्हणून वाचले. नवऱ्याच्या ऑफिसातला लॅपटॉप रात्रीपुरता मागून आणला आणि तीन रात्री जागून पुन्हा सगळं टाइप केलं. सहा दुकानांचं काम वेळेत झालं, दोघांचं राहिलं. उशिराच्या प्रत्येक दिवसाला पन्नास रुपये विलंबशुल्क आणि राहिलेल्या करावर वर्षाला अठरा टक्के व्याज. पाच दिवसांची ती रक्कम मोठी नव्हती, मी माझ्या खिशातून भरली. पण औषधांच्या दुकानाचे काका म्हणाले, "वहिनी, पैशाचं काही नाही हो. पण दर महिन्याला आता मला धाकधूक राहणार." पुढच्या महिन्यापासून त्यांनी काम दुसरीकडे दिलं. त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही.

"मावशी, वय विचारलंस का?"

माझा भाचा पुण्याला कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. त्या शनिवारी तो आला, त्यानं कॅबिनेटचं झाकण काढलं आणि हसायलाच लागला. म्हणाला, "मावशी, हा आय सेव्हन आहे खरा. पण याचं वय विचारलंस का?"

प्रोसेसर होता आय सेव्हन २६००. इंटेलनं तो २०११ साली बाजारात आणला. म्हणजे मी घेतला तेव्हा तो बारा वर्षांचा होता. मदरबोर्ड दिसायला नवा कोरा, पण त्याच्यावर कुठल्या ओळखीच्या कंपनीचं नाव नव्हतं, आणि ज्या एच ६१ चिपसेटवर तो बांधलेला, तोही २०११ सालचाच. असे बोर्ड जुन्या प्रोसेसरांसाठी आजही नव्यानं बनवून विकले जातात. रॅम जुन्या डीडीआर थ्री जातीची. नवं काय होतं? काच आणि दिवे.

मग त्यानं ती हार्ड डिस्क स्वतःच्या लॅपटॉपला जोडली. अधूनमधून ती ओळखली जात होती, तेवढ्यात एका फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमनं त्यानं तिची कुंडली काढली. डिस्क स्वतःच्या आयुष्याचा हिशेब स्वतःच ठेवते, हे मला तेव्हा कळलं. एकूण चालल्याचे तास होते ३१ हजारांच्या वर. वर्षाचे सगळे तास ८,७६०. म्हणजे साडेतीन वर्षं अखंड, रात्रंदिवस. आणि चालू-बंद किती वेळा? नव्वदच्या आसपास. भाचा म्हणाला, "ऑफिसातला कॉम्प्युटर रोज बंद होतो. तास इतके आणि चालू-बंद इतकं कमी, म्हणजे ही बहुतेक सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरमधून काढलेली डिस्क. तुला दिली तेव्हाच ही दमलेली होती."

मी तणतणत दुकानात जायला निघाले. अर्ध्या वाटेत लक्षात आलं, की दुकानदार खोटं एकही वाक्य बोलले नव्हते. आय सेव्हन होता, सोळा जीबी होती, एक टीबी होती. वय मी विचारलं नव्हतं, त्यांनी सांगितलं नव्हतं. आणि पावतीवरचा महिना कधीच उलटून गेला होता. मी परत फिरले.

भाच्यानं नवीन डिस्क बसवून दिली, त्यावर दिवाळी निघाली. दिवाळीनंतर मशिन काम करता करता आपोआप बंद पडू लागलं. जानेवारी २०२४ मध्ये मी भाच्याला घेऊन पुण्यात दुसरं मशिन घेतलं. त्या खरेदीत जे शिकले ते आता क्रमानं सांगते.

नावापुढचा आकडा

पहिली गोष्ट प्रोसेसरची. आय थ्री, आय फाइव्ह, आय सेव्हन ही घराणी आहेत. वय कळतं ते त्यापुढच्या आकड्यावरून. आय फाइव्ह ८५०० असं लिहिलेलं असेल तर चार आकड्यांतला पहिला आठ, म्हणजे आठवी पिढी. तो २०१८ सालचा. पाच आकडी असेल, समजा १०५००, तर पहिले दोन धरायचे, म्हणजे दहावी पिढी, साल २०२०. माझ्या २६०० मधला दोन म्हणजे दुसरी पिढी. नुसतं "आय सेव्हन आहे" एवढंच सांगून कोणी थांबला, तर समजावं की पुढचा आकडा सांगण्यासारखा नाही.

पिढीनं इतका काय फरक पडतो? आठव्या पिढीत इंटेलनं डेस्कटॉपच्या आय फाइव्हमधले चार कोअर सहा केले, आय थ्रीमधले दोन चार केले. कोअर म्हणजे आतली काम करणारी माणसं समजा. आठव्या पिढीचा साधा आय थ्री रोजच्या कामात दुसऱ्या पिढीच्या आय सेव्हनला मागे टाकतो आणि वीजही कमी खातो. घराण्याच्या नावाचे पैसे मोजू नका, पिढीचे मोजा.

आठव्या पिढीचा आग्रह धरायला दुसरं आणि मोठं कारण आहे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टनं दिलेला आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरणाऱ्यांना एका वर्षाची वाढीव मुदत देण्यात आली, पण रस्ता तिथं संपतो हे ठरलेलं आहे. विंडोज ११ साठी कंपनीनं अट घातली, की इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा आणि मशिनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी. एएमडीचा रायझन प्रोसेसर असेल तर नावावरून अंदाज चुकतो, त्याचा पूर्ण क्रमांक मायक्रोसॉफ्टच्या यादीत ताडून बघावा. या अटीमुळे झालं काय, की सातव्या पिढीपर्यंतची यंत्रं बाजारात स्वस्त झाली. त्यातल्या काहींवर ही अट चुकवून विंडोज ११ चढवलेलं असतं. चालतं ते. पण अशा मशिनला पुढची सुधारणा मिळेलच याची कंपनी हमी देत नाही. मायक्रोसॉफ्टचा पीसी हेल्थ चेक नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे, तो दुकानातच चालवून बघावा. मशिन पात्र आहे की नाही ते तो सरळ सांगतो.

आपलं मशिन माझ्यासारखं दुसऱ्यांचे आकडे, पासवर्ड, बँकेचे तपशील सांभाळणार असेल, तर इथं तडजोड करू नये. ज्याचं सगळं काम ब्राउझरमध्येच होतं, लेखन, पत्रव्यवहार, शिकवण्या, त्यानं सहाव्या-सातव्या पिढीचं स्वस्त मशिन घेऊन त्यावर लिनक्स टाकलं तर चांगलं चालतं. मराठी टायपिंगही त्यात होतं. मला टॅली लागतं, म्हणून मला विंडोजच हवं होतं.

कचेरीतून निवृत्त झालेली यंत्रं

दुसरी गोष्ट, यंत्र कुठून आलं. मोठ्या कंपन्या शेकड्यांनी डेस्कटॉप घेतात, पुष्कळदा भाड्यानं, आणि तीन-पाच वर्षांनी एकदम सगळे बदलतात. हिंजवडी-खराडीकडची अशी यंत्रं तपासून, पुसून, लागेल ते बदलून पुन्हा विकायला येतात. त्यांना रिफर्बिश्ड म्हणतात. डेलचं ऑप्टिप्लेक्स, एचपीचं प्रोडेस्क आणि एलिटडेस्क, लेनोवोचं थिंकसेंटर ही त्यातली नेहमीची नावं. दिसायला काळी, ठोकळ्यासारखी. दिवे नाहीत, काच नाही. पण कचेरीत रोज आठ-नऊ तास चालण्यासाठी बनवलेली. ऑप्टिप्लेक्स ५०६०, प्रोडेस्क ६०० जी फोर, थिंकसेंटर एम ७२० ही २०१८ च्या सुमाराची, आठव्या पिढीची मॉडेल्स आहेत. नाव ओळखीचं झालं की दुकानात बोलणं सोपं जातं.

आणि या यंत्रांना जन्मदाखला असतो. डेलच्या मशिनवर सात अक्षरांचा सर्व्हिस टॅग चिकटवलेला असतो. तो कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला, की मशिन कारखान्यातून केव्हा निघालं ते कळतं. एचपी आणि लेनोवोच्या बाबतीत अनुक्रमांक टाकून वॉरंटीची तारीख बघता येते. मी घेतलेल्या मशिनची तारीख निघाली नोव्हेंबर २०१८. पाच वर्षांचं. चार दाती म्हणा ना!

त्यातले दोन तोटेही सांगते. अशा मशिनचा पॉवर सप्लाय आणि मदरबोर्ड बहुधा त्या कंपनीच्याच मापाचा असतो. जळाला तर कोपऱ्यावरच्या दुकानातला साधा पॉवर सप्लाय त्यात बसत नाही. म्हणून ज्या मॉडेलचे सुटे भाग आपल्या गावात किंवा कुरिअरनं मिळतात, तेच घ्यावं. अगदी पुस्तकाएवढी लहान मॉडेल्स येतात, ती लॅपटॉपसारख्या अडॅप्टरवर चालतात आणि वीज थोडी खातात. जागा कमी असेल तर ती बरी. दुसरा तोटा, कचेरीत नेट वायरीनं येतं, म्हणून पुष्कळ मशिनमध्ये वायफाय नसतंच. मॉनिटरसाठी एचडीएमआय असेलच असंही नाही, बऱ्याचदा डिस्प्ले पोर्ट असतं. तीन-चारशे रुपयांचा डाँगल आणि तेवढ्याचीच वायर लागते, पण हे घरी आल्यावर रात्री कळलं तर डोकं फिरतं.

दुकानातला एक तास

तिसरी गोष्ट, तपासणी. पुण्याच्या दुकानात आम्ही तासभर बसलो. माझ्या मनात संकोच, की लोक काय म्हणतील. भाचा म्हणाला, "मावशी, भाजीवालीकडे तू एकेक भेंडी मोडून बघतेस, इथं कसली लाज?"

आधी त्यानं मशिन बंद करून पुन्हा सुरू केलं आणि सुरू होतानाच एक बटन दाबत राहिला. डेलला एफ २, एचपीला एफ १०, लेनोवोला एफ १. त्यानं मशिनची आतली मांडणी उघडते. तिथं पासवर्ड मागितला तर ते मशिन घ्यायचं नाही. जुन्या मालक कंपनीचं कुलूप त्यावर राहून गेलेलं असतं. मग दुकानदाराला सांगून विंडोज नव्यानं टाकून घेतलं, नेट जोडून. तसं केल्यावर पडद्यावर एखाद्या अनोळखी कंपनीचं नाव येऊन तिथला लॉगिन मागितला, तर मशिन अजून त्या कंपनीच्या वहीत आहे असं समजावं. आमच्या पुढ्यात पहिल्या मशिनवर नेमकं हेच झालं. दुकानदारानं ते मुकाट्यानं बाजूला ठेवलं आणि दुसरं काढलं. तासभर बसल्याचं सार्थक तिथंच झालं.

नव्यानं टाकलेलं विंडोज अस्सल आहे का, हे सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशन या नावाखाली दिसतं. ब्रँडेड मशिनला परवाना बहुधा त्याच्या बोर्डातच असतो. असेम्बल्ड मशिनवर पुष्कळदा चोरीचं विंडोज टाकलेलं असतं. ते चालू करायला वापरलेल्या प्रोग्रॅमबरोबर आणखी काय काय घरात शिरलं असेल, हे कोणी सांगू शकत नाही.

त्यानंतर डिस्क. फिरती हार्ड डिस्क मुख्य डिस्क म्हणून आता घेऊच नये. एसएसडी हवी, कामाला २५६ जीबी पुरते, आणि शक्यतो ओळखीच्या कंपनीची नवी, बिल आणि वॉरंटीसकट. जुनी असेल तर तिची कुंडली दाखवायला सांगावी. क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम फुकट आहे, दोन मिनिटांचं काम. तास बघावेत, किती वेळा चालू-बंद झाली ते बघावं, प्रकृती बघावी. कचेरीत रोज आठ-नऊ तास चाललेल्या डिस्कचे वर्षाला साधारण अडीच हजार तास भरतात. आकडा त्याच्याशी जुळतो का, एवढंच बघायचं. दुकानदार कुंडली दाखवायला कां-कूं करू लागला, तर उत्तर मिळालं असं धरावं.

रॅम हिशेबाला आठ जीबी चालते, सोळा असेल तर सुख. पण ती मशिनबरोबरच घ्यावी. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर भडकले, एआयच्या मोठमोठ्या डेटा सेंटरांकडे माल वळला म्हणून. "नंतर वाढवू" म्हणणाऱ्यांचे त्या वेळी हाल झाले. रिकामा स्लॉट आहे का तेही विचारून ठेवावं.

शेवटी अर्धा तास मशिन नुसतं चालू ठेवलं. एक व्हिडिओ लावला, बाजूला चार-पाच खिडक्या उघड्या. पंखा घरघरतो का, मशिन तापतं का, आपोआप बंद होतं का, ते पाहिलं. मागची-पुढची सगळी यूएसबी तोंडं पेन ड्राइव्ह लावून एकेक बघितली. मॉनिटर जुना घेणार असाल तर आधी पूर्ण पांढरा आणि मग पूर्ण काळा पडदा लावून बघावा. मेलेले ठिपके, पिवळट कोपरे लगेच दिसतात. मला मॉनिटर घ्यावा लागला नाही. पहिल्या खरेदीतली तेवढीच एक वस्तू धड निघाली होती.

बिल जीएसटीचं घेतलं, त्यावर मशिनचा अनुक्रमांक लिहून घेतला, आणि वॉरंटी सहा महिने, कशाकशाची ते शब्दांत. "चेकिंग वॉरंटी" या दोन शब्दांचा अर्थ काय, हे मला अजून कोणी नीट सांगितलेलं नाही.

हिशेब

मी हिशेबनीस, तेव्हा आकडे सांगितल्याशिवाय उठणार नाही. मशिन साडेचौदा हजार. आय फाइव्ह ८५००, आठ जीबी रॅम, २५६ जीबी नवी एसएसडी. यूपीएस नवा, २,८०० रुपये. बॅकअपसाठी बाहेरून जोडायची एक टीबी डिस्क, नवी, ४,२०० रुपये. एकूण साडेएकवीस हजार. भाव तेव्हाचे आहेत, आज वेगळे असतील, पण प्रमाण लक्षात घ्या. मशिनच्या किमतीच्या जवळजवळ निम्मे पैसे मी मशिनबाहेर खर्च केले.

डेस्कटॉपला पोटात बॅटरी नसते. वीज गेली की त्या क्षणी काम गेलं, आणि लिहिणं चालू असताना गेली तर टॅलीची फाईलही बिघडते. यूपीएस आपल्याला दहा-पंधरा मिनिटं देतो. तेवढ्यात फाईल बंद करायची, मशिन बंद करायचं. यूपीएस मात्र जुना घेऊ नये. त्याच्या बॅटरीचं आयुष्यच दोन-तीन वर्षांचं असतं, आणि ती बाहेरून कधीच म्हातारी दिसत नाही. घरातल्या त्या सॉकेटला अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून बघून घ्यावं.

आणि बॅकअप. एक प्रत मशिनमध्ये, दुसरी बाहेरच्या डिस्कवर, तिसरी घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा नातेवाइकाकडे. मी रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावायच्या आधी बाहेरची डिस्क जोडते, प्रत घेते आणि डिस्क काढून कपाटात ठेवते. काढून ठेवणं महत्त्वाचं. जोडलेलीच राहिली, तर मशिनला जे होईल ते तिलाही होईल. जुनं यंत्र कितीही पारखून घेतलं, तरी ते एक दिवस बंद पडणारच. त्या दिवशी आपलं काम बंद पडू नये, याचीच ही तयारी.

पहिल्या मशिनचं काय केलं? त्याची काच आणि दिवे शेजारच्या मुलाला फार आवडायचे, पण मी ते कोणाच्या गळ्यात मारलं नाही. भंगारवाल्यालाही दिलं नाही. आपल्याकडे ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, आणि नोंदणी झालेल्या पुनर्चक्रण केंद्राकडे अशी यंत्रं देता येतात. भंगारात ती फोडली जातात, वायरी उघड्यावर जाळल्या जातात आणि त्याचा धूर कोणाच्या तरी पोरांच्या छातीत जातो. देण्याआधी भाच्यानं ती मेलेली डिस्क काढून तिला ड्रिलनं भोकं पाडली. लोकांचे हिशेब होते त्यात.

पुण्याहून आणलेलं मशिन आजही चालू आहे. १४ ऑक्टोबर २०२५ आली आणि गेली, मला काही करावं लागलं नाही. विंडोज ११ त्यावर आधीपासूनच होतं. सासूबाई आता काठी घेऊन घरात फिरतात. माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहतात आणि म्हणतात, "अगं, याच्यात ते निळे दिवे नाहीत का गं?"

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीतली एक मुलगी आली. बाळंतपणानंतर घरून डीटीपीचं काम सुरू करायचं म्हणत होती. मोबाइलवर फोटो दाखवला. काचेचं कॅबिनेट, आत रंगीत दिवे, खाली मोठ्या अक्षरांत आय सेव्हन. म्हणाली, "काकू, कसा आहे? घेऊ?"

मी म्हटलं, "देखणा आहे. आधी त्याला विचार, दात किती?"

ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. मग तिला बसवलं, चहा टाकला आणि आत्ता तुम्हाला सांगितलं ते सगळं तिला सांगितलं.